बोटीच्या पोटातलं पाणी

बोट आली त्या दिवशी माह्या पोटात दुखलं, ते खरोखर दुखलं. ओवा खाल्ला, गरम पाणी पेलं, काही फरक नाही. घरच्यांनी, म्हंजे माह्या नवऱ्यानं, इचारलं, काय झालं, तर मी म्हणलं, वांग्याची भाजी बाधली. वांग्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

बोट धाकटीची होती. धाकटी म्हंजे माही जाऊ, देराची बायको. आमचं घर एकच, मंधात एक भिंत. तिच्याकडं कुकरची शिटी झाली का ती मलेच मोजा लागते, एवढी पातळ भिंत. दारव्ह्यावरून काळीपिवळी जीपमधे बसलं का घंटाभराच्या आत आमचं गाव येते, अन् गावाच्या आधी तळं लागते. त्या तळ्यातल्या कमळावर आम्हा दोघी जावांचं नवरात्र चालते. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत दारव्ह्याच्या बाजारात टोपलं खाली ठेवाची फुरसत नाही. दुर्गादेवीच्या मंडळवाल्यांले रोज ताजं कमळ पाह्यजे, अन् कमळ काही वावरात उभं राहून तोडता येत नाही.

तोडाची आमची रीत साधी हाय. ट्रकची जुनी ट्यूब, तिच्यात हवा, मंधात सुतळीनं खाटेसारखी विणलेली बसाची जागा. तिच्यावर बसाचं अन् हातानं पाणी मागं लोटत जाचं. पाय पाण्यातच लोंबत राहते. कमळाच्या दांड्याले बारीक काटे असते, पिंढऱ्या सोलून निघते, अन् दुपारपर्यंत कमरेखालचं आंग आपलं हाय का दुसऱ्याचं तेच समजत नाही. मागच्या वर्षी तर तळ्याच्या मंधात माह्या ट्यूबची हवा गेली. सुर्रर्र करून बसलीच ती. पोहता येते मले, पण लुगडं पायाले गुंडाळलं अन् नाकातोंडात पाणी गेलं. धाकटीनं आपली ट्यूब आणून मले ओढत काठाले लावलं. उपकार झाले, मान्य हाय. पण मंग ते गावभर सांगतलं. दळणाच्या चक्कीवर सांगतलं, हातपंपावर सांगतलं. "बाई बुडतच होत्या न जी, मी होती म्हून." मी होती म्हून! मले वाटलं, यापेक्षा बुडली असती तर बरं झालं असतं.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडून हाय. आमच्या गावच्या देवीले घटस्थापनेच्या सकाळी पहिलं कमळ आमच्या घरातून जाते. काठावरचं चालत नाही, तळ्याच्या मंधातलंच पाह्यजे. अन् कळी पाह्यजे, ऊन लागाच्या आधी तोडलेली. ती देवीसमोर उघडते. घरातली जी सून ते कमळ आणते, ती देवीची पहिली ओटी भरते. गावच्या पाटलीणबाई बी तिच्या मागं उभ्या राहते. सासू थकली तवा हा मान तिनं मले देला, अन् तवापासून त्याले दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही.

मले लेकरू झालं नाही. सांगूनच टाकते, म्हंजे कोणाले अंदाज बांधत बसा नाही लागत. बारसं असो, डोहाळजेवण असो, मी मागंच उभी राहत आली. कोणी ढकलत नाही, पण आपली जागा आपल्याले समजते. फक्त त्या एका सकाळी मी सगळ्यायच्या पुढं अन् गावातल्या सगळ्या लेकुरवाळ्या माह्या मागं. बस, तेवढाच माहा दिवस.

अन् त्याच दिवसाच्या तोंडावर ही बोट आली. धाकटीच्या पोरानं पुण्यावरून पाठवली. तो तिकडं कंपनीत हाय. देरानं दारव्ह्यावरून ती पेटी जीपच्या टपावर बांधून आणली, अंगणात उघडली, अन् पायानं दाबाच्या पंपानं फुस्स-फुस्स हवा भरली. नारंगी रंगाची, खाली निळा पट्टा, दोन वल्ही, बसाले मऊ गादी. सारी गल्ली गोळा झाली. "पाह्यजी बाई, कशी गुळगुळीत हाय," धाकटी मले म्हणे. मी हात लावून पाह्यलं. मेली होतीच सुंदर.

"कायले पाठवली एवढी महागाची?" मी इचारलं.

"पाठवली. आता कायले म्हंजे काय?" असं म्हणून तिनं तोंड तिकडं फिरवलं.

मले वाटलं, शेखी मिरवून राह्यली. काहून नाही मिरवणार? पोट्टं तिचं. तसं पाह्यलं तर त्याचं पहिलं वर्ष माह्या कुशीत गेलं. बाळंतपणात धाकटीले असा ताप भरला का तिचं सगळं जाणंयेणं यवतमाळच्या दवाखान्यातच होतं. वाटीचमच्यानं दूध मी पाजलं, मालिश मी केली, दात आले तवा रात्रीचं रडणं मी ऐकलं. तो मले 'मोठी माय' म्हणाले लागला ते त्याच वर्षापासून. मंग ती बरी झाली, अन् ज्याचं लेकरू त्याच्या पदराखाली गेलं. जाणारच ना. आता त्याचा फोन येते तो तिच्या मोबाइलवर. भिंतीच्या इकडून मले हसणं ऐकू येते, बोलणं ऐकू येत नाही. शेवटी ती मोबाइल घेऊन येते, "घ्या बाई, बोला." तवर बोलाचं सारं बोलून झालेलं राहते. माह्या वाट्याले 'जेवली का' अन् 'तब्येत सांभाळ'. पंगत उठल्यावर वाढलेलं ताट.

तर बोट. धाकटी रोज सकाऊन ती तळ्यात टाके अन् वल्ही मारत शिके. पहिले दोन दिवस गोल गोलच फिरली, मी मनातून खुश. मंग तिले जमाले लागलं. आमची ट्यूब बैलगाडीच्या चालीनं जाते, अन् ही बाई पाय कोरडे ठेवून सरसर मंधात जाऊन टोपलं भरून माघारी बी येऊ लागली. मी काठाजवळच्या शेवाळातच अडकलेली राहो. तवा मले घाम फुटला. घटस्थापनेच्या सकाळी ही माह्या आधी मंधात जाईन. सासूनं मान देताना 'मोठीले' असं म्हणलं नव्हतं. 'जी आणन ती' असंच होतं. इतके वर्षं मीच आणत आली म्हून कोणाच्या ध्यानात नव्हतं, एवढंच.

मी घरच्यांले म्हणलं, "तुम्ही भावाले सांगा ना काहीतरी." ते म्हणाले, "काय सांगू? बोटीत बसू नको म्हणून?" या माणसाजवळ न्यायबुद्धी लय, पण माह्या कामाची कधीच नाही.

सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी देरानं त्या पायपंपावर सगळा भार टाकून पाय मारला अन् पंप फाटला. दुसऱ्या दिवशी घट. बोट तर चपटी पडलेली. सायकलचा पंप त्या तोंडाले बसेना. मंग आमच्या देराच्या डोक्यात जे आलं ते फक्त कपाशीवाल्याच्याच डोक्यात येऊ शकते. त्यानं कोठ्यातून पाठीवरचा पेट्रोलवाला फवारणी पंप काढला. त्याचा पाइप असा जाड, अन् हवा अशी येते का उभं झाड वाकते. तळ्याच्या पाळीवर, काठच्या बांधावर, बोट पसरली, पाइपाचं तोंड बोटीच्या तोंडाले चिंधी गुंडाळून बसवलं, अन् देली किक. भर्रर्र! एक बाजू भरली, मंग दुसरी बाजू भरली. देर मिशीवर ताव देत म्हणे, "पाह्यलं? कंपनीवाल्यायले बी हे सुचलं नाही."

कंपनीवाल्यायले सुचलं नाही ते चांगलंच झालं. बोट पाण्यात टाकली, धाकटी बसली, अन् बोट डावीकडं कलली. कलली म्हंजे अशी का धाकटी एका हातानं काठ धरून अन् दुसऱ्या हातानं पदर धरून बसलेली. उजवं वल्हं पाण्याले टेकेना, डावं पाण्यातून निघेना. मी पाळीवर अमावस्येच्या स्वयंपाकाचे हात घेऊन उभी होती. जे सुख मले त्या वक्ताले झालं ते तुम्हाले काय सांगू! पोटातलं दुखणं गेलं, ओवा न खाता गेलं.

"भोक पडलं वाटते," देर म्हणे. बोट काठाले घेतली, साबणाचा फेस लावला, चारी अंगानं पाह्यलं. बुडबुडा एक नाही. आत पाणी आलं का पाह्यलं, तर आत बसाची जागा कोरडी ठणठणीत. तरी उचलाले गेलं तर डावी बाजू उचलेना. देरानं कंपनीच्या सात पिढ्या काढल्या.

मले तवाच समजलं होतं. बोट उलथी-सुलथी करताना तिच्या पोटात गुडगुड वाजलं. आमच्या ट्यूबायले असं होते कधी कधी, स्टँडवरच्या टायरवाल्याच्या मशीनमधून हवेसंग पाणी येते तवा. पण मी कायले बोलू? मी घरी गेली, चहा ठेवला, पेली. एक घोट बी गोड लागला नाही. कारण यायच्या वक्ताले धाकटी बोटीवर हात ठेवून रडून राह्यली होती. "माह्या लेकानं पाठवली, अन् चार दिवसात लंगडी केली," असं म्हणे. 'माह्या लेकानं' हे ऐकून मले जे झोंबलं ते झोंबलंच. पण पोट्ट्याच्या कमाईची पहिली मोठी वस्तू अशी लंगडी होऊन पाळीवर पडलेली मलेच पाहवेना. त्याच्यासाठी मी माघारी गेली. तिच्यासाठी नाही, हे सांगून ठेवते.

"भाऊजी," मी देराले इचारलं, "फवाऱ्याच्या टाकीत काय होतं?"

"काही नाही वहिनी. औषध संपलं तवा धुतली, अन् साधं पाणी भरून ठेवलं होतं. टाकी सुकू नाही म्हून."

"अन् तोटी बंद होती का?"

"कोणती तोटी?"

मी कपाळाले हात लावला. टाकी उघडून पाह्यली तर कोरडी. सारं पाणी हवेसंग डाव्या बाजूच्या पोटात गेलं होतं. टाकी तितक्यात संपली म्हून उजवी बाजू वाचली. औषध नव्हतं, तेवढं देवीनंच राखलं. देर हळूच म्हणे, "मी वावरात जाऊन येतो," अन् जो गेला तो सांजेपर्यंत दिसला नाही.

राह्यलो आम्ही दोघी अन् ती बोट. आत गेलेलं पाणी काढणं सोपं वाटते, पण तसं नाही. बूच काढलं तर आतून एक पातळ पडदा हवा अडवून धरते. तो काडीनं दाबला तर हवा फुस्सकन निघते, संग दोन थेंब उडते, अन् बोट चपटी होऊन बसते. पाणी मात्र तिच्या घड्याघड्यांत तसंच. हवा सारी गेली तर पाण्याले वाट राहत नाही, अन् हवा सारी ठेवली तर पाणी तोंडाकडं येत नाही. म्हून अर्धी हवा ठेवाची, अन् तोंड खाली येईन अशी बोट टांगाची. पाळीवर एक कडुनिंब हाय. त्याच्या आडव्या फांदीवरून मी दोर टाकला, आम्ही दोघीनं ओढून बोट उभी टांगली, तोंड जमिनीकडं. धाकटी खाली बसून काडीनं पडदा दाबून धरे, अन् मी वरून खाली दाबत आणो, म्हशीचं दूध काढते तसं. पहिले काहीच नाही. मंग चुळकन धार आली, थेट धाकटीच्या तोंडावर.

मी हसली. ती बी हसली असती, पण तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् थांबली.

धार बंद झाली का परत तोंडानं हवा फुका, परत हलवा, परत टांगा. गाल दुखून आले. आमच्यात कामापुरतं बोलणं चालू होतं. "दाबा." "सोड." "इकडं अजून वाजते." पिवळं ऊन पडलेलं, बाजूच्या वावरात सोयाबीन काढून ढीग लावलेले, अन् आम्ही दोघी जावा एका रबरी बोटीले झाडाले टांगून पिळून राह्यलो. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं इचारलं बी, "काय कापून राह्यल्या वं?"

तेवढ्यात मोबाइल वाजला. तिचा मोबाइल माह्या बाजूले दगडावर ठेवलेला होता, तिचे दोन्ही हात बोटीच्या तोंडाशी अडकलेले. मोबाइलवर पोट्ट्याचा फोटो आलेला. "उचला," ती म्हणली, अन् लगेच म्हणली, "नाहीतर राहू द्या." पण तवर मी उचलला होता. पहिल्यांदा असं झालं का त्याचा फोन सरळ माह्या हातात आला.

"मोठी माय!" तो ओरडलाच. "तूच उचलला? बोट कशी हाय? पाय आता पाण्यात नाही ना ठेवा लागत? मी मायले म्हणलं होतं, मोठ्या मायले पहिले बसव, तिच्यासाठीच घेतली. मागच्या वर्षीचं ऐकलं तवापासून मले झोप नव्हती. बसली का नाही तू? बसली तर एक फोटो पाठवा लावजो, मायनं अजून एक बी नाही पाठवला."

मी बोटीखाली पाह्यलं. धाकटीची मान खाली. धार तिच्या हातावरून गळत होती अन् तिनं हात हलवला नाही.

तोंडात आलं होतं माह्या. सारं आलं होतं. एका वाक्यात मी तिले तिच्या लेकाच्या नजरेतून उतरवलं असतं. पण मी म्हणलं, "बसली ना. रोजच बसते. पहिल्या दिवशीच सांगतलं तुह्या मायनं. फोटो उद्या पाठवतो, देवीचं कमळ काढताना."

फोन ठेवला. मंग धाकटी उठली, ओले हात लुगड्याले पुसले, अन् माह्यावरच खेकसली.

"घेऊन जा आता. बोट बी न्या, पोट्टं बी न्या! ताप माह्या आंगात होता, तो काय मी हौसेनं आणला होता? त्याले पहिलं दूध तुम्ही पाजलं, पहिला शब्द तुमच्या दारात बोलला. अजून बी फोन लागला का पहिला सवाल, मोठी माय कशी हाय. मी वाट पाहते, आता इचारन, माय तू कशी हाय. तुमचंच सांगता सांगता फोन संपते. भिंतीच्या तिकडून तुम्हाले काय वाटते, आम्ही काय बोलतो? तुमचंच बोलतो!"

"अवं पण..."

"मागच्या वर्षी तुम्ही बुडून राह्यल्या होत्या, तवा मीच रडत रडत त्याले सांगतलं. तो म्हणला, मोठ्या मायसाठी बोट घेतो." तिनं काडी तळ्याकडं रोखली. "मी बी त्याच तळ्यात जाते ना जी. माही ट्यूब बी तेवढीच जुनी हाय."

मी दगडावर बसूनच गेली. इतके वर्षं मी हिच्यावर जळली. हिच्या कुशीवर जळली, हिच्या मोबाइलवर जळली, भिंतीपलीकडच्या हसण्यावर जळली. अन् भिंतीच्या तिकडं ही माह्यावर जळत होती, हे मले कोणी सांगतलंच नाही. खोटं कायले बोलू, पहिले मले वाईट वाटलं नाही. पहिले आंगात गोड असं काही फिरलं. कोणी जळावं असं माह्याजवळ काही हाय! मंग मी तिच्याकडं पाह्यलं. केस ओले, नाक लाल, हातात ती काडी. तवा ते गोड लागणं आपोआप कमी झालं.

"काडी धर," मी म्हणलं. "अजून पाणी हाय आत."

तिनं काडी धरली. आता कितीही दाबलं तरी धार येईना, पण हलवलं का कोपऱ्यात चुळुकचुळुक वाजे. सुकवाले ऊन बी राह्यलं नव्हतं. मी घरी गेली अन् देव्हाऱ्याजवळून वात आणली. घटस्थापनेच्या नंदादीपासाठी मी नव्या कापसाची लांब वात वळून ठेवली होती, नऊ दिवस पुरन अशी. ती मी बोटीच्या तोंडातून आत सारली, आतल्या कोपऱ्यापर्यंत, अन् दुसरं टोक खाली लोंबत ठेवलं. कापूस पाणी ओढते, मंग खालच्या टोकानं सोडते. जरा वेळानं खाली ठेवलेल्या गंजात, भाताच्या त्या पातेल्यात, एक थेंब पडला, मंग दुसरा.

"बाई, ती तर देवीची वात," धाकटी म्हणली.

"देवीले दुसरी वळतो. तिचं काही अडत नाही."

"आणा, मी वळते," ती म्हणली. मी कापूस आणून देला. आम्ही दोघी पाळीवर बसलो, ती वात वळत, मी थेंब पाहत. वात तिची माह्यापेक्षा सरळ येते, हे मी तिले कधी सांगतलं नाही अन् तवा बी सांगतलं नाही.

सकाऊन, अजून उजाडाचंच होतं, मी माही ट्यूब घेऊन तळ्यावर गेली, तर ती आधीच तिथं. गंजात ओंजळभर पाणी जमलेलं. देराकडून टाकी काढून कोरड्या पंपानं हवा भरून घेतलेली, अन् बोट पाण्यावर सरळ उभी. तिनं बोटीचा काठ धरला अन् म्हणली, "बसा."

"तू बस. तुले तिची सवय हाय."

"बसा म्हणलं ना! त्याले फोटो पाह्यजे."

मी बसली. ती माह्या ट्यूबवर बसली, माह्या मागं, पाय पाण्यात. वल्हं मले नीट येईना, दोनदा शेवाळात घुसली, तिनं मागून ढकललं. पाय कोरडे ठेवून तळ्याच्या मंधात जाता येते, हे मले या वयात समजलं. मंधात गेल्यावर मी कळी पाह्यली, गुलाबी, घट्ट मिटलेली, अन् दांडा धरून तोडली. धाकटीनं गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून मोबाइल काढला.

"हसा जरा," ती म्हणली. "नाहीतर म्हणन, मायनं रडवलं."

मी हसली. तिनं फोटो काढला अन् पाठवला. बोट जागची हालाच्या आधीच उत्तर आलं. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, एक शब्द गाळला नाही: "मोठी माय, महाराणीच दिसून राह्यली तू!" वाचून झाल्यावर मोबाइल पिशवीत टाकला. कमरेपर्यंत ओली होती ती.

"आण तो मोबाइल," मी म्हणलं.

"कायले?"

"आण म्हणलं ना."

मी तिचा फोटो काढला. पहिल्यात माहा आंगठाच आला. दुसऱ्यात ती आली, ट्यूबवर, ओली, हातात टोपलं, मागं सारं तळं. "पाठव," मी म्हणलं. तिनं नाही नाही म्हणत पाठवला. मंग पाहत राह्यली. त्यानं पाह्यल्याच्या निळ्या रेघा उमटल्या, पण उत्तर आलं नाही. काठापर्यंत तिनं मोबाइल कितीकदा काढून पाह्यला. मी वल्हं मारत मनात म्हणलं, पोट्ट्या, लिह्य रे काहीतरी. ड्यूटीवर नको जाऊ अजून, लिह्य.

देवळात मी मान तिले देला नाही. एवढ्या मोठ्या मनाची मी नाही, अन् देवीले ते माहीत हाय. कमळ मी ठेवलं, पहिली ओटी मी भरली, पाटलीणबाई माह्या मागं, अन् त्यायच्या मागं धाकटी, हातात ओटीचं ताट, लुगडं अजून ओलं. माहं झालं अन् मी वळली, तेवढ्यात तिच्या गळ्यातल्या पिशवीत मोबाइल वाजला. तिचे दोन्ही हात ताटाले. तिनं एकदा खाली पाह्यलं अन् परत देवीकडं पाह्यलं.

मी तिच्या हातातून ताट घेतलं. "पाह्य," मी म्हणलं.

तिनं वाचलं. पदरानं मोबाइल पुसला अन् परत वाचलं. मंग तोंडावर पदर घेऊन अशी हसली का पाटलीणबाई वळून पाहू लागल्या. पोट्ट्यानं काय लिहिलं ते मी इचारलं नाही. इचारलं असतं तर परत जळली असती.